चष्म्याचा नंबर लेझरने घालवताना: खर्चाचा कागद आणि विम्याचं उत्तर आधी हातात घ्या

दोन्ही डोळ्यांचं लेझर मिळून सहसा अर्धा तासही लागत नाही. पैशांचा घोळ होतो तो त्याआधीच्या आठवड्यांत. एका डोळ्याचा दर दोन्ही डोळ्यांचा समजला जातो, "विम्यात बसेल" या तोंडी शब्दावर तारीख ठरते आणि क्लेम फेटाळल्याचं पत्र आल्यावर पॉलिसी पहिल्यांदा उघडली जाते. खालच्या क्रमाने गेलात तर हे टळेल.

१. लेझर कशासाठी, हे आधी स्पष्ट करा

विम्याचा निर्णय यंत्रावर नसतो, निदानावर असतो. मधुमेहाने खराब झालेल्या दृष्टिपटलावरचं लेझर, काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवणारं लेझर, मोतीबिंदू काढल्यानंतर भिंगामागची पिशवी धुरकट झाल्यास केलं जाणारं याग लेझर हे आजारावरचे उपचार आहेत. वैद्यकीय विम्यात ते सहसा बसतात. चष्मा जावा म्हणून लॅसिक, पीआरके किंवा स्माईल यांपैकी कोणत्याही पद्धतीने केलेलं लेझर बहुतेक ठिकाणी ऐच्छिक धरलं जातं आणि वगळलं जातं.

यालाही अपवाद असतात, आणि ते देशागणिक बदलतात. भारतात आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर हे चष्म्याच्या नंबराचं एकक) कमी नंबरासाठीचा खर्च वगळलेला असतो, त्याहून मोठ्या नंबराला क्लेमची वाट उघडी राहू शकते. ब्रिटनमध्ये केवळ चष्मा घालवण्यासाठीचं लेझर एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सहसा मिळत नाही. अमेरिकेत विमा बहुधा पैसे देत नाही, पण वैद्यकीय खर्चासाठी राखलेल्या करमुक्त खात्यातून ते भरता येतात. अपघातामुळे किंवा आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आलेल्या नंबराचा काही पॉलिसी वेगळा विचार करतात. आपल्या पॉलिसीतली 'वगळलेल्या बाबी' ही यादी स्वतः वाचा. माहितीपत्रकात ती क्वचितच पूर्ण असते.

२. तपासणी नीट होऊ द्या

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीच्या किमान एक-दोन आठवडे आधी आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी थांबवाव्या लागतात. लेन्सने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलतो. मग तपासणीत काढलेला कॉर्नियाचा नकाशा चुकतो, तपासणी पुन्हा करावी लागते आणि तिचं शुल्कही अनेकदा पुन्हा लागतं. वय १८ पूर्ण, आणि वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त सरकलेला नसावा. गरोदरपण, स्तनपान, फार कोरडे डोळे आणि कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, म्हणजे केराटोकोनस, असेल तर डॉक्टर थांबायला किंवा दुसरा मार्ग घ्यायला सांगतात.

कॉर्नियाच्या जाडीचा हिशोब स्वतः समजून घ्या, कारण खर्च त्यावरही फिरतो. लेझर दर डायॉप्टरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर काढतं. समजा जाडी ५०० मायक्रॉन आहे आणि नंबर उणे ८ आहे. लॅसिकमध्ये कॉर्नियावर कापून उचलायची पातळ झडप ११० मायक्रॉनची आणि काढायचा थर सुमारे १२० मायक्रॉनचा, म्हणजे खाली २७० उरतात. किमान २५० उरावेत हा जुना दंडक आहे आणि अनेक शल्यचिकित्सक त्याहून जास्त ठेवतात. म्हणूनच जो मोठा नंबर विम्यात बसण्याची शक्यता जास्त, त्याच नंबराला लेझर नाकारलं जाऊन डोळ्यात बसवायच्या भिंगाचा सल्ला मिळू शकतो. त्या भिंगाची शस्त्रक्रिया वेगळी, बिल वेगळं आणि विम्याची मंजुरीही वेगळी. प्रकार पक्का होईपर्यंत विमा कंपनीकडे अर्ज करू नका.

३. अंदाजपत्रक लेखी आणि ओळीओळीने मागा

जाहिरातीतला आकडा बहुधा एका डोळ्याचा असतो आणि 'पासून पुढे' असा असतो, म्हणजे लहान नंबरासाठी आणि सर्वांत साध्या पद्धतीसाठी. अंदाजपत्रकात या गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत:

- तपासण्या: कॉर्नियाचा नकाशा, जाडी, बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहणं. शस्त्रक्रिया केली तर हे पैसे वळते होतात का?
- झडप पात्याने कापणार की फेम्टो लेझर या वेगळ्या यंत्राने? दोन यंत्रं म्हणजे दोन शुल्कं. स्माईलमध्ये झडप नसते, पण यंत्राचं शुल्क दर डोळ्यामागे लागतं.
- शल्यचिकित्सकाचं मानधन, शस्त्रक्रियागृह आणि एकदाच वापरायचं साहित्य
- थेंब: अँटिबायोटिक थोडे दिवस, स्टेरॉइड काही आठवडे (पीआरकेनंतर जास्त काळ), कृत्रिम अश्रू काही महिने. हे पॅकेजमध्ये नसेल तर शेवटी चांगलाच खर्च निघतो.
- पुढच्या भेटी: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि पुढे किती?
- नंबर थोडा उरला तर दुसऱ्यांदा लेझर: किती वर्षं मोफत, कोणत्या अटीवर?

शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. मोफत दुरुस्तीची हमी अनेकदा दरवर्षी तिथेच तपासणी करण्याच्या अटीवर असते. एक वर्ष चुकलं की हमी गेली. शिवाय कॉर्निया पुरेसा जाड उरला असेल तरच दुसऱ्यांदा लेझर शक्य होतं. चाळिशीनंतर लागणारा वाचायचा चष्मा या हमीत येत नाही. तो डोळ्यातलं भिंग ताठर झाल्यामुळे लागतो आणि लेझर कितीही नीट झालं असलं तरी लागतोच.

४. विम्याचं उत्तर लेखी घ्या

पूर्वमंजुरीच्या अर्जासोबत निदान, दोन्ही डोळ्यांचा स्वतंत्र नंबर, तपासणीची तारीख, शस्त्रक्रियेचं नेमकं नाव आणि अंदाजपत्रक जोडा. मग चार प्रश्न लेखी विचारा: हा नंबर आणि हे निदान पॉलिसीत बसतं का, प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर क्लेम न मिळण्याचा ठरावीक काळ) संपला आहे का, रात्रभर दाखल न होता केलेली शस्त्रक्रिया चालते का, मर्यादा एका डोळ्यामागे आहे की दोन्हींना मिळून? एका डोळ्याचा नंबर मर्यादेच्या वर आणि दुसऱ्याचा खाली असेल तर एकाचाच क्लेम मंजूर होऊ शकतो, त्यामुळे बिलातही दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगळे हवेत.

क्लेम बसावा म्हणून नंबर वाढवून किंवा निदान बदलून लिहून देतो असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. ही फसवणूक आहे. उघड झाली तर हा क्लेम जातोच, शिवाय पॉलिसी रद्द होऊन पुढच्या मोठ्या आजारपणात हात रिकामे राहू शकतात.

५. बिल आणि क्लेम

पैसे भरण्याआधी बिल अंदाजपत्रकाशी ताडून पाहा. पॅकेजमधली तपासणी पुन्हा स्वतंत्र लावलेली असणं आणि 'साहित्य' या एका शब्दात मोठी रक्कम असणं या नेहमीच्या चुका आहेत. विचारल्यावर फोड मिळते. डिस्चार्जचा कागद, शस्त्रक्रियेची नोंद, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या पावत्या एकत्र ठेवा. सर्वांवर नाव आणि निदान एकसारखं असावं. त्यात तफावत असणं हे क्लेम मागे येण्याचं एक साधं पण वारंवार दिसणारं कारण आहे.

फेटाळला तर पत्रात कोणतं कलम दिलंय ते पाहा. कागद अपुरे असतील तर मुदतीत पाठवा. अर्थ लावण्यात चूक वाटत असेल तर डॉक्टरांचं कारणासहित पत्र जोडून फेरविचार मागा, आणि मग तक्रार निवारणाच्या पुढच्या पायरीवर जा.

क्लेम निकाली निघाला तरी शस्त्रक्रियेआधीचा चष्म्याचा नंबर आणि कॉर्नियाच्या वक्रतेचे आकडे फेकू नका. लेझरने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो, त्यामुळे अनेक वर्षांनी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर नेहमीच्या पद्धतीने काढताना चूक होऊ शकते. हे जुने आकडे हाती असतील तर तो हिशोब अधिक नेमका करता येतो. रुग्णालयं जुन्या फायली कायम जपतीलच असं नाही, म्हणून एक प्रत घरी ठेवा.