प्रादेशिक स्पर्धाक्षमता मोजताना या चुका टाळा

प्रदेशाची स्पर्धाक्षमता, म्हणजे उद्योगांना आणि माणसांना तिथे पुढे जायला किती वाव आहे ते, मोजायची सुरुवात बहुतेक जण दरडोई उत्पादनापासून करतात आणि तिथेच फसतात. उत्पादन कामाच्या ठिकाणी मोजलं जातं, माणसं मात्र राहत्या घरी. लक्झेंबर्गमधले जवळपास निम्मे नोकरदार रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात. त्यांचं काम अंशात येतं, ते स्वतः छेदात नसतात, म्हणून आकडा फुगतो. कामाच्या दर तासामागे उत्पादन काढा, नाहीतर शहर आणि रोज ये-जा होणारा पट्टा एकत्र धरा. युरोपीय आयोगाचा प्रादेशिक स्पर्धाक्षमता निर्देशांक काही महानगरांसाठी असाच पट्टा एकत्र धरतो.

आकड्याने अचानक उडी मारली, तर आनंद मानण्याआधी कारण शोधा. २०१५ मध्ये आयर्लंडचं उत्पादन सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. त्यामागे मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी तिथे हलवलेली बौद्धिक संपदा होती. कामगारांच्या हातात तेवढं काहीच पडलं नव्हतं.

निर्यातीचंही तसंच. बंदरातून नुसता पुढे जाणारा माल त्या प्रदेशाची ताकद ठरत नाही. तिथे किती मूल्य वाढलं ते पाहा.

व्यापाराचं राजकारण समजून घेताना मात्र सर्वात मोठी चूक होते, ती निर्देशांकातल्या क्रमांकावरून मतदारांचा कल ताडण्याची. सरासरी चांगली असलेल्या प्रदेशातही एखादा उद्योग आयातीमुळे कोसळत असतो. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ च्या अभ्यासात अमेरिकेचे ७२२ रोजगार-पट्टे (लोक जिथे राहतात आणि कामाला जातात असे सलग भाग) घेतले आणि चिनी आयातीचा भार प्रत्येक पट्ट्यातल्या उद्योगांच्या रचनेवरून काढला. तुम्हीही तेच करा. फक्त रोजगारातले उद्योगांचे वाटे आयातीच्या धक्क्याच्या आधीच्या वर्षाचे घ्या. नंतरचे घेतले, तर बंद पडलेले कारखाने हिशेबातूनच गळतात आणि ज्यांना सर्वाधिक झळ बसली तेच दिसेनासे होतात. मला ही चूक सर्वात जास्त खटकते.

आयातशुल्क वाढलं आणि मग मतं फिरली, एवढ्यावरून कार्यकारणभाव जोडू नका. शुल्काचं लक्ष्य कधीकधी राजकीय नकाशा पाहूनच निवडलं जातं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पोलाद-शुल्काला उत्तर देताना युरोपीय संघाने बर्बन व्हिस्की आणि मोटरसायकली निवडल्या. बर्बन केंटकीची, मोटरसायकली विस्कॉन्सिनच्या कंपनीच्या; ही अमेरिकी संसदेतल्या तेव्हाच्या दोन बड्या रिपब्लिकन नेत्यांची राज्यं. तिथल्या मतांची तुलना करायची, तर शुल्काआधीच्या निवडणुकांमधला कलही सोबत मांडावा लागतो.