म्हातारा चॅम्पियन हरला, एवढ्यावर निकाल लावू नका

बॉक्सिंगमधला हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचा, वयस्कर चॅम्पियन हरला की बेळगाव-खानापूरकडं दुसऱ्या दिवशी दोनच मतं ऐकायला मिळतात. "म्हातारा झाला होता, कुणीही मारला असता." नाहीतर, "आता पुढची दहा वर्षं हाच." दोन्ही मतं तासाभरात पक्की होतात आणि बोलणाऱ्यानं बहुतेक वेळा लढत बघितलेलीच नसते, व्हॉट्सॲपवर आलेली दीड मिनिटाची क्लिप बघितलेली असते. तालमीत वाढलेल्या पोरांकडून हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. अंगाची हालचाल वाचायची नजर त्यांच्याकडं आहे. बारा राउंड बसून बघायचा धीर तेवढा नाही. त्या धीराला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

"पण पडला कुठं?"

ही चूक आपल्या भागात सगळ्यात जास्त होते आणि तिचं कारणही समजण्यासारखं आहे. आपण जत्रेतल्या निकाली कुस्त्या बघत मोठे झालो. पाठ मातीला लागली की कुस्ती झाली, नाही लागली तर बरोबरीत सोडली. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडीजवळच्या एकसंब्याचे, 1959 सालचे. तो वारसा मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तोच डोळा घेऊन बॉक्सिंग बघायला बसलं की गुणांवरचा प्रत्येक विजय कच्चा वाटायला लागतो.

28 नोव्हेंबर 2015 ला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये इंग्लंडच्या टायसन फ्युरीनं हेवीवेट चॅम्पियन व्लादिमीर क्लिच्कोला हरवलं. क्लिच्को 39 वर्षांचा होता आणि 2004 नंतर एकदाही हरलेला नव्हता. बारा राउंडमध्ये कुणीही खाली पडलं नाही. तिन्ही जजांनी फ्युरीच्या बाजूनं कौल दिला, 115-112, 115-112 आणि 116-111. खानापूरच्या बाजूच्या ज्या तालमीत माझी ऊठबस आहे, तिथं या निकालाची कुणाला किंमतच वाटली नाही. वस्ताद म्हणाले, "अहो सर, पडला कुठं त्यो? अंगाला अंग लागलं न्हाई. ह्याला काय जिंकणं म्हणायचं?" एका पोरानं पुढं जोडलं, "म्हातारं थकलं होतं की ओ. नुसतं उभारलं होतं."

वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. मी लॅपटॉप नेला, आवाज बंद केला, प्रत्येकाच्या हातात वहीचं एक पान दिलं. राउंड संपला की लगेच आकडा लिहायचा, जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 9. शेजारच्याच्या पानात बघायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या राउंडपर्यंत पोरं कंटाळली, दोघं उठून बाहेर गेली. वस्ताद मात्र पुढं सरकून बसले होते. मधेच त्यांनी बोट दाखवलं. "बघा की, ह्यो हात उचलतोय आन् थांबतोय. समोरचा खांद्याची हूल देतोय म्हणून थांबतोय. दर खेपेला." त्या लढतीचं मर्म त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. फ्युरीनं खांदा, डोकं, पाय सतत हलते ठेवून क्लिच्कोला ठोसा मारूच दिला नव्हता. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीच्या मोजणीत बारा राउंडमध्ये क्लिच्कोचे फक्त 52 ठोसे लागले, फ्युरीचे 86. शेवटी पानं गोळा केली तेव्हा बहुतेकांनी फ्युरीलाच जिंकवलं होतं.

तेव्हापासून माझा नियम एकच. आवाज बंद, कागद हातात, आणि निकाल कानावर पडायच्या आधी स्वतःचा आकडा लिहून मोकळं व्हायचं. समालोचक आवडत्या माणसाचा अडवलेला ठोसासुद्धा मोठा करून सांगतो. ज्यांना हे कष्टाचं वाटतं त्यांनी कोण जिंकला एवढं जरूर सांगावं, पण त्या विजयाचं वजन सांगायला जाऊ नये.

वय हे उत्तर समजणं

त्या पोरानं पानावर फ्युरीला जिंकवलं, पण मत सोडलं नाही. "सर, तरणा असता तर थांबला नसता." हा प्रश्न चांगला आहे. चूक होते ती तो विचारून तिथंच थांबण्यात. क्लिच्कोचे हात चालले नाहीत हे सगळ्यांनी बघितलं. ते वयानं अडले की समोरच्यानं अडवले, हे त्या एका रात्रीवरून ठरत नाही. त्याला पुढची लढत लागते.

ती 29 एप्रिल 2017 ला लंडनच्या वेम्बलीत झाली. क्लिच्को 41 वर्षांचा, मधल्या काळात एकही लढत नाही, आणि समोर 27 वर्षांचा, तोवर न हरलेला अँथनी जोशुआ. त्या पोरानं पावशेर कुंद्याची पैज लावली की म्हातारा तीन राउंड टिकणार नाही. क्लिच्को पाचव्या राउंडमध्ये पडला, उठला, आणि सहाव्यात त्यानं उजव्या हाताच्या सरळ ठोशानं जोशुआलाच खाली बसवलं. दहा राउंडनंतर एका जजच्या कागदावर तो पुढंही होता. अकराव्यात दोनदा पडल्यावर रेफरीनं लढत थांबवली. म्हणजे हात होते. ठोसे होते. ड्युसेलडॉर्फला ते बाहेर आले नाहीत, याचं बरंचसं श्रेय फ्युरीचं होतं.

पैजेचा कुंदा पोरानं आणला, पण येतानाच म्हणत आला, "जोशुआनं केवढ्या माणसाला मारलं बघा!" मी त्याला विचारलं, 39 व्या वर्षी संपलेला माणूस 41 व्या वर्षी केवढा कसा झाला? नावडत्यानं हरवलं की चॅम्पियन म्हातारा आणि आवडत्यानं हरवलं की तोच महान, हा हिशेब मला अजिबात चालत नाही. एकाच माणसाला दोघांनी हरवलं असेल तर दोघांना माप एकच लावा.

वयानं काय जातं, तेही नेमकं बघावं लागतं. आधी पाय जातात आणि ठोसा चुकवायची चपळाई जाते. मग राउंडमागं पडणाऱ्या ठोशांची संख्या उतरते. ताकद सगळ्यात शेवटी जाते. जॉर्ज फोरमन 1994 साली 45 व्या वर्षी तिन्ही जजांकडं मागं होता, तरी दहाव्या राउंडमध्ये एका उजव्या ठोशानं त्यानं 26 वर्षांच्या मायकेल मूररला आडवं केलं आणि चॅम्पियनचा पट्टा नेला. म्हणून "अजून जोरात मारतोय, म्हणजे तयार आहे" हेही खरं नाही. मी वयस्कर चॅम्पियनच्या पायांकडं बघतो. दोरीला लागल्यावर तो बाजूनं निघतो, की तिथंच उभा राहून मिठी मारतो? आणि नुसतं वयच मोजायचं असेल, तर मे 2024 मध्ये रियाधला फ्युरीला हरवणारा युक्रेनचा ओलेक्सांदर उसिक फ्युरीपेक्षा दीड वर्षानं मोठा होता, हेही मोजा.

त्याच रात्री राज्याभिषेक

ज्यांना लगेच नवा राजा हवा असतो, त्यांनी स्पिंक्स भावांचा इतिहास वाचावा. धाकटा मायकेल, थोरला लिऑन.

लिऑननं 15 फेब्रुवारी 1978 ला लास वेगासमध्ये 36 वर्षांच्या मुहम्मद अलीला हरवलं, तेही अवघ्या आठव्या व्यावसायिक लढतीत. कौल विभागून होता, दोन जज लिऑनकडं, एक अलीकडं. धक्का प्रचंड होता, पण त्यातून लिऑनपेक्षा अलीबद्दल जास्त कळलं. अलीनं तयारी अपुरी केली होती, दोरीला टेकून राउंड घालवले आणि शेवटी ते भरून काढायला वेळ उरला नाही. सात महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला त्यानं तिन्ही जजांच्या कौलावर पट्टा परत घेतला. 1979 मध्ये गेरी कूट्झीनं लिऑनला पहिल्याच राउंडमध्ये संपवलं.

मायकेल स्पिंक्सनं 21 सप्टेंबर 1985 ला 35 वर्षांच्या लॅरी होम्सला हरवलं. होम्स 48 लढती जिंकून एकही न हरलेला होता आणि 49 लढती जिंकून एकही न हरता निवृत्त झालेल्या जुन्या चॅम्पियन रॉकी मार्सियानोची बरोबरी करायला उतरला होता. मायकेल खालच्या गटातला, लाइट हेवीवेटचा चॅम्पियन. गादीवरच्या लाइट हेवीवेट चॅम्पियननं हेवीवेटची गादी घेण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी परतीची लढतही मायकेलनंच जिंकली, जरी तो कौल आजही वादाचा आहे. आणि होम्स संपलेला होता म्हणावं, तर 1992 मध्ये 42 व्या वर्षी त्यानं तोवर न हरलेल्या ऑलिंपिक विजेत्या रे मर्सरला हरवलं. म्हणून माझ्या वहीत मायकेलचा विजय लिऑनच्या कितीतरी वर आहे. 1988 मध्ये माइक टायसननं मायकेलला 91 सेकंदांत झोपवलं, त्यानंही 1985 चा विजय लहान होत नाही. पुढचा पराभव मागच्या विजयावर लादणं हीसुद्धा घाईच.

अशा प्रत्येक निकालाला मी वहीत एक पान ठेवतो. वर त्या रात्रीचं माझं मत, खाली मोकळी जागा. दोघांच्याही पुढच्या मोठ्या लढती झाल्या की खाली लिहायचं. फ्युरीच्या पानावर खालची जागा 2018 च्या, चॅम्पियन डिओंटे वाइल्डरबरोबरच्या बरोबरीनं आणि 2020 च्या त्याच्यावरच्या विजयानं भरली, तेव्हाच ते पान माझ्यापुरतं पुरं झालं.

बाकीच्या चुका थोडक्यात. टोकियोत 1990 साली बस्टर डग्लसनं माइक टायसनला पाडलं, ते म्हाताऱ्याच्या पराभवाचं उदाहरण म्हणून देऊ नका. टायसन 23 वर्षांचा होता.

2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमाननं 35 वर्षांच्या लेनॉक्स लुईसला पाचव्या राउंडमध्ये पाडलं, तिथंही लोक वयच सांगतात. लुईस त्या उंचावरच्या विरळ हवेत उशिरा पोचला होता, रहमान आधीच जाऊन राहिला होता. सात महिन्यांनी लुईसनं त्याला चौथ्या राउंडमध्ये आडवं केलं. वय तोवर वाढलंच होतं.

चॅम्पियनवर लोकांचा जीव असेल तर जिंकणाऱ्यावर अन्याय होतो. एझर्ड चार्ल्सनं 1950 मध्ये निवृत्तीतून परतलेल्या 36 वर्षांच्या माजी चॅम्पियन जो लुईला पंधरा राउंड बॉक्सिंग करून हरवलं आणि लोकांनी त्याला कधी आपलं म्हटलं नाही. पुढं लाइट हेवीवेटचा चॅम्पियन झालेल्या आर्ची मूरला तीनदा हरवलेला माणूस होता तो.

पट्टे मोजून मोठेपणा ठरवू नका. अलीशी परतीची लढत घेतली म्हणून पट्टे देणाऱ्या संघटनांपैकी डब्ल्यूबीसीनं लिऑनचा पट्टा महिन्याभरात काढून घेतला, आणि फ्युरीचा आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा पट्टा तर ड्युसेलडॉर्फनंतर दोन आठवड्यांच्या आत गेला. दोन्ही वेळा रिंगमध्ये कुणी एक ठोसाही मारला नव्हता.