मर्यादित पैशांत ऑफ-रोड गाडीवर आधी काय करावे

हाताशी साठ हजार रुपये आहेत, दारात फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडी उभी आहे आणि पावसाळ्याला दोन महिने उरले आहेत, अशी परिस्थिती मुंबईतील बऱ्याच हौशी मालकांच्या वाट्याला येते. अशा वेळी पहिली पावती बहुधा पुढच्या भक्कम बंपरची किंवा टपावरच्या दिव्यांची फाडली जाते, आणि टायर तसेच गुळगुळीत राहतात. काय बसवायचे हे ठरवण्याआधी गाडी मागच्या वेळी कुठे आणि कशामुळे अडली, हे पाहावे. त्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लहान वही ठेवावी आणि प्रत्येक फेरीनंतर तीन नोंदी कराव्यात: कुठे अडली, कशामुळे अडली, बाहेर कशी निघाली. माझ्या वहीत पहिल्या पावसाळ्यात सात नोंदी झाल्या. त्यांतील पाच वेळा ओल्या चिकण मातीत टायर नुसते जागच्या जागी फिरत राहिले होते, आणि गाडीची उंची कमी पडली म्हणून अडल्याची नोंद एकही नव्हती. ती वही नसती, तर मी त्या वर्षी गाडी उंच करण्यावरच पैसे घातले असते.

पहिला खर्च नव्या वस्तूवर करू नये, जुन्या झिजेवर करावा. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ब्रेकचे रबरी होज आणि गळके शॉकअप यांपैकी एखादा भाग दगडांत तुटला, तर अंगावरच्या महागड्या सामानाचा काहीही उपयोग होत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून मेस्त्रींसमोरच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत जावे. घट्ट लोखंडाचा आवाज टणक येतो, आणि आतून पोखरलेल्या जागी तो बद्द येतो. मागच्या चाकांजवळ, जिथे चिखल साचून राहतो, तिथे हा फरक कानाला स्पष्ट कळतो. अशी जागा सापडली, तर तिची दुरुस्ती होईपर्यंत बाकी सर्व बेत बाजूला ठेवावेत, कारण ओढण्याचा सगळा ताण शेवटी चासीवरच येतो.

त्यानंतर अडकलेली गाडी बाहेर काढण्याचे सामान घ्यावे. येथे काटकसर करावी, पण मजबुतीत तडजोड मुळीच करू नये, कारण या सामानातली चूक माणसाच्या जिवावर बेतते. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला जातो आणि साठवलेली शक्ती हळूहळू सोडतो, म्हणून झटका देऊन गाडी काढण्यासाठी तोच वापरावा. पॉलिएस्टरचा टोइंग पट्टा जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे तो सावकाश ओढण्यासाठी ठीक आहे, झटक्यासाठी नाही. दोराची तुटण्याची मर्यादा गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दोन ते तीन पट असावी, आणि दोराला कधीही गाठ मारू नये, कारण गाठीच्या जागी त्याची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. दोर हुकाला जोडणाऱ्या लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. मात्र ज्यावर कामाची भारमर्यादा ठशाने उमटवलेली आहे, असाच शॅकल घ्यावा. पाऊण इंची शॅकलवर ती साधारणपणे 4.75 टन असते. ठसा नसलेला शॅकल कितीही जाड दिसला तरी तो परत ठेवावा.

दोर कशाला अडकवायचा, हे दोराइतकेच महत्त्वाचे आहे. बंपरला लावलेला ट्रेलर जोडण्याचा गोळा झटका सोसण्यासाठी बनवलेला नसतो. तो तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि अशा अपघातांत जगभर माणसे दगावली आहेत. वाहतुकीच्या वेळी गाडी बांधून ठेवण्यासाठी असलेली पातळ कडीसुद्धा यासाठी चालत नाही. चासीला बोल्टने पक्के केलेले दोन हूक, एक पुढे आणि एक मागे, एवढे काम आधी करून घ्यावे. ओढताना ताणलेल्या दोरावर मधोमध जाड घोंगडी टाकावी आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे करावे. आपल्याकडे गाडी अडकली की गावातली मुले कौतुकाने अगदी जवळ येतात, म्हणून त्यांना दूर ठेवण्यासाठी एक माणूस वेगळाच नेमावा.

टायर हा या यादीतील सर्वांत मोठा खर्च, आणि माझ्या मते सर्वांत सार्थकी लागणारा. पैसे मोजकेच असतील, तर चालू टायर झिजेपर्यंत थांबावे, म्हणजे नवा जोड तसाही घ्यावा लागणार असतो आणि खिशाला केवळ किमतीतील फरकाची झळ बसते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो, पण चिखलासाठी तो त्याच्या बराच आधी निकामी झालेला असतो. टायरच्या कडेवरचे चार अंकही वाचावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा, आणि दुकानात जुना माल स्वस्तात पुढे केला जातो, तेव्हा हेच अंक कामी येतात. ज्या गाडीने आठवडाभर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून कामाला जायचे आहे, तिला रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठीचा ऑल-टेरेन टायरच योग्य. खास चिखलासाठीचे मड-टेरेन टायर ओल्या डांबरावर लवकर थांबत नाहीत, आणि मुंबईच्या पावसात ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही.

टायर मोठे केल्याने गाडी बरीच उंच होते, हा समज हिशेब मांडून तपासावा. मारुतीच्या जिम्नी या गाडीचा मूळचा 195/80 आर 15 टायर सुमारे 693 मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याऐवजी 215/75 आर 15 बसवला, तर व्यास साधारण साडेदहा मिलिमीटरने वाढतो आणि अॅक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा आडवा दांडा, जमिनीपासून त्याच्या निम्मे, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर वर जातो. फायदा होतो तो रुंदीचा आणि नक्षीचा. आणखी मोठा 235/75 आर 15 घेतला, तर अॅक्सल वीस मिलिमीटर वर जातो खरा, पण स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी साडेत्रेसष्टच्या आसपास धावत असते, चढावर इंजिनाला दम लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो, हे पाहावे लागते.

टायरपेक्षाही स्वस्त आणि तितकाच परिणामकारक उपाय हवेचा आहे. चिखलात आणि दगडांत 20 ते 22 पीएसआयपर्यंत हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि त्याच गाडीला नवी पकड येते. सैल वाळूत 15-16 पर्यंत उतरता येते, मात्र त्याखाली टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. कमी हवेवर वेग ताशी तीस किलोमीटरच्या आत ठेवावा आणि डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पूर्ववत भरावी. म्हणून हवेचा खात्रीचा गेज आणि थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर हे दोन्ही मी दोराच्या बरोबरीने पहिल्याच खरेदीत धरतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर मोठ्या टायरला फार वेळ घेतो, आणि त्या सॉकेटचा फ्यूजही बहुधा दहा-पंधरा अँपिअरचाच असतो.

ज्या कामाला काही शे रुपये लागतात आणि जे जवळजवळ सगळे विसरतात, ते म्हणजे अॅक्सलच्या ब्रीदरची, म्हणजे आतल्या हवेला वाट देणाऱ्या छिद्राची, नळी वर नेणे. मुंबईहून मुरबाडपर्यंत धावून अॅक्सलमधले डिफरेन्शियल (चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) चांगलेच तापलेले असते. ते ओढ्याच्या थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. एका ऑगस्टमध्ये गुडघाभर पाण्यातून दोनदा गेल्यावर मी काहीही तपासले नाही. तीन आठवड्यांनी मागून गुरगुर ऐकू आली. मेस्त्रींनी ड्रेनचा बोल्ट सोडला, तेव्हा ट्रेमध्ये तेलाऐवजी ताकासारखे पांढरट पाणी उतरले आणि त्यामागून गंजाचे तांबूस कण आले. बेअरिंग बदलावे लागले. आज दोन्ही अॅक्सलच्या नळ्या इंजिनच्या वरच्या भागापर्यंत नेलेल्या आहेत आणि प्रत्येक पाण्याच्या फेरीनंतर मी लेव्हलच्या बोल्टमधून बोट घालून तेलाचा रंग पाहतो.

इंजिनाची हवा टपाजवळून घेणाऱ्या नळीचे, म्हणजे स्नॉर्केलचे, आकर्षण मोठे असते, पण दरवाजाची सीले आणि विजेच्या जोडण्या आहेत तशाच राहतात, म्हणून कंपनीने दिलेली पाण्याची मर्यादा त्याने आपोआप वाढत नाही. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा सेल्फ मारू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडीच्या पोटाखालचे लोखंडी गार्ड मात्र खडकाळ वाटेवर नेहमी जात असाल तर लवकर घ्यावेत. दिवे उशिरा घेतले तरी चालतात. अनोळखी वाटेवर रात्री शिरूच नये.

उंची वाढवण्याचा लिफ्ट किट मी मुद्दाम मागे ठेवला आहे. त्याने गुरुत्वमध्य वर जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, आणि डिफरेन्शियल मात्र होते तिथेच राहते, कारण त्याची उंची केवळ टायर ठरवतो. मुंबईत आणखी एक अडचण आहे: सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते, आणि टपावर कॅरिअर असलेली उंच गाडी तिथे बसत नाही. कायद्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच उचलून धरले, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पुढच्या बंपरवर बसवल्या जाणाऱ्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच सांगितले होते. एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का नीट पोहोचण्यात असा बार आडकाठी करू शकतो.

विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, हा सर्वांत शेवटचा खर्च. त्याची ओढण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी हवी, तो पुढच्या अॅक्सलवर तीस-चाळीस किलो भार टाकतो आणि अँकरला झाड किंवा दुसरी गाडी लागतेच. दोन गाड्यांनी मिळून जाण्याची सवय असेल, तर कायनेटिक दोर आणि फावडे यांवर बहुतेक प्रसंग निभावतात. मी विंच अजून घेतलेला नाही. वहीत एकट्याने अडकल्याच्या नोंदी एका हंगामात तीनच्या वर गेल्या, तर घेईन.