गाडीतून कूंऽऽ असा आवाज येतोय? बॉनेट उघडायच्या आधी हे करा

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या हॅचबॅकमधून कूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, साठच्या पुढे गेलं की सुरू, आणि एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून सरळ सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. शेवटी निघालं काय, तर पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो की पहिल्यांदा एवढंच शोधा, आवाज इंजिनच्या रेसबरोबर चढतोय की गाडीच्या स्पीडबरोबर. हे कळलं की अर्धी गाडी तपासातून बाद होते.

गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये हळूहळू 2500 आरपीएमपर्यंत रेस द्या. आवाज आला आणि रेसबरोबर चढला तर दुखणं बहुधा इंजिनकडे आहे. नाही आला तर सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ज्या स्पीडला आवाज येतो तिथे दोन-तीन सेकंद क्लच दाबा. रेस खाली पडेल पण गाडी पळत राहील, तरी आवाज तसाच असेल तर चाकं, टायर नाहीतर डिफरन्शिअल (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच). ही टेस्ट घाटात करू नका आणि चावी तर अजिबात बंद करू नका, ब्रेक जड होतो आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आता इंजिनकडचं. बहुतेक वेळा दोषी असतो बेल्ट किंवा बेल्टवर फिरणारं काहीतरी. बेल्ट चिरलाय का, चकाकतोय का, ढिला आहे का बघा. मग इंजिन बंद, बेल्ट कसा गुंडाळलाय त्याचा मोबाईलवर फोटो (हे विसरलात तर परत बसवताना डोकं धरून बसाल), बेल्ट काढा आणि फक्त अर्धा मिनिट इंजिन चालू करा. बॅटरीचा लाल दिवा लागेल, लागू दे. जास्त वेळ नको, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर असतो आणि इंजिन तापेल. ताणून बसवलेला स्ट्रेच बेल्ट असेल तर मात्र हे घरी करूच नका. आवाज गायब झाला तर इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा, आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), आयडलर (बेल्टला वळण देणारी), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी). चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं, गेलेलं खरखरतं किंवा डुगडुगतं.

आल्टरनेटरचा संशय असेल तर इंजिन चालू ठेवून हेडलाईट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम लावा, लोड आला की आवाज जाड होतो. बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. पण व्होल्टेज ठीक असलं तरी बेअरिंग गेलेलं असू शकतं, आणि ते नुसतं बेअरिंग ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतो, लगेच अख्खा आल्टरनेटर घ्यायची गरज नसते.

स्टिअरिंग वळवतानाच आवाज येत असेल आणि गाडीत तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग असेल, म्हणजे बोलेरो, जुनी इनोव्हा वगैरे, तर आधी त्याच्या डब्यातलं तेल बघा. कमी असेल किंवा फेस दिसला तर आत हवा शिरलीय. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच तेल भरा, पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, तेल उतरेल तसं भरत राहा. तेल परत कमी झालं तर कुठूनतरी गळतंय, ते शोधल्याशिवाय उपयोग नाही. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतं, तिथे डबा शोधत बसू नका.

मागच्या सीटखालून आवाज येत असेल तर फ्युएल पंप. चावी फिरवल्यावर दोन सेकंद येतो तो नॉर्मल, सतत येत असेल तर लक्ष द्या. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे सीएनजीवाल्यांनी टाकी कायम तळाला ठेवायची सवय सोडावी.

आता चाकं, आणि आपल्याकडे खड्डे आणि साचलेलं पाणी बघता बेअरिंग जाणं अगदी रोजचं आहे. मोकळ्या रस्त्यावर चालता चालता हलकंसं डावीकडे घ्या, वजन उजवीकडे जातं, आवाज वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग, आणि उलट केलं की डावं. मग घट्ट जमिनीवर बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकने उचलून खाली स्टँड ठेवा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली धरून हलवा, खटखट झालं तर प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा, गेलेल्या बेअरिंगची थरथर स्प्रिंगमधून बोटांना लागते, आमचं असंच सापडलं, कारण प्ले अजिबात नव्हता. नवीन बेअरिंग प्रेसवरच बसवून घ्या, हातोड्याने ठोकलेलं लवकर जातं. प्ले असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

दोन्हीकडे वळवून आवाजात फरक नसेल तर टायरवरून हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायरच ओरडतोय. पुढचे मागे करा, अलाइनमेंट करून घ्या.

गिअरबॉक्ससाठी बघा की आवाज एकाच गिअरमध्ये येतो का, किंवा न्यूट्रलमध्ये उभं असताना येतो आणि क्लच दाबला की थांबतो का. थांबला तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, उलट क्लच दाबल्यावरच आला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. खोलायच्या आधी गिअर ऑइलची लेव्हल बघायला लावा आणि थोडं काढून त्यात धातूचा चुरा आहे का ते स्वतः बघा. आणि फक्त रिव्हर्समध्ये कूंऽऽ होत असेल तर काहीच करू नका, बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सच्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात, तो आवाज नवीन गाडीतही येतो.