फ्रेंच घेऊन पदवी करताय? या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत दर जुलैला मी नव्या मुलांना एकच वाक्य देते: "मला भूक लागली आहे." फ्रेंचमध्ये सांगा. बहुतेकांचं उत्तर येतं, "झ स्वी फॅँ." चुकलं. बरोबर वाक्य आहे "झे फॅँ", म्हणजे शब्दशः "माझ्याजवळ भूक आहे". मुलांनी काय केलं? आधी मनातल्या मनात "आय अॅम हंग्री" म्हटलं आणि मग त्या "अॅम"साठी फ्रेंच शब्द शोधला. मराठीत भूक हे नाम आहे, ती आपल्याला लागते. फ्रेंचमध्येही ते नामच आहे, ते आपल्याजवळ असतं. मराठीतून फ्रेंचकडे जायला चार पावलं होती, पण मुलं इंग्रजीतून लांबचा वळसा घेऊन गेली.

फ्रेंच शिकताना होणाऱ्या निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ मला याच वळशात दिसतं. शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय की परदेशी भाषा इंग्रजीतूनच शिकायची. पाठ्यपुस्तकंही बऱ्याचदा तशीच असतात. पण नागपूरच्या मुलाकडे घरची मराठी असते आणि बाजारातली हिंदी असते, आणि या दोन्ही फ्रेंचसाठी किती कामाच्या आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

उच्चार: सीताबर्डीच्या बाजारातली हिंदी वापरा

मराठीत अनुस्वार आला की आपण पुढच्या अक्षराप्रमाणे न् किंवा म् उच्चारतो. "अंत" म्हणताना जीभ दाताला लागते, "आंबा" म्हणताना ओठ मिटतात. हीच सवय फ्रेंचमध्ये आली की "बोँझूर"चं "बॉनजूर" होतं. फ्रेंचमध्ये तिथे न् नाहीच. स्वरच नाकातून जातो, जीभ कुठेही टेकत नाही.

आता एक करून बघा. ऑटोवाल्याला म्हणता तसं "हाँ" म्हणा आणि तिथेच थांबा. जीभ खाली सपाट पडलेली आहे, न् लागलेला नाही. फ्रेंचमधला "आँ" बहुतांशी हाच. मग हिंदीतलं "मैं" म्हणा. फ्रेंचमध्ये "हात" या अर्थाचा जो शब्द आहे, त्याचा उच्चार जवळजवळ हुबेहूब हाच आहे. "हों" म्हटलं की तिसरा स्वरही मिळाला. हे तीन स्वर वेगळे ठेवता आले नाहीत तर "व्हॅँ" म्हणजे वाइन, "व्हाँ" म्हणजे वारा आणि "व्होँ" म्हणजे "ते जातात" यांची खिचडी होते. जे मूल दिवसभर "कहाँ", "यहाँ", "मैं" बोलतं, ते वर्गात आल्यावर "बॉन" म्हणतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

त आणि द यांचंही तेच. फ्रेंचमधले हे वर्ण दंत्य आहेत, आपल्या "ताक" आणि "दही" यांतल्यासारखे. इंग्रजीच्या सवयीने मुलं "टु" आणि "मॅडाम" म्हणतात. सरळ "मादाम" म्हणा. प, त, क हेही आपण हकार न मिसळता म्हणतो आणि फ्रेंच माणूसही तसंच म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्याला यासाठी तोंडासमोर कागदाची पट्टी धरून सराव करावा लागतो, तुम्हाला नाही.

एक स्वर मात्र आपल्या मराठीतही नाही आणि हिंदीतही नाही. ओठ "ऊ"साठी गोल करा आणि आत जिभेने "ई" म्हणा. मोबाईलचा पुढचा कॅमेरा सुरू करून ओठांकडे बघत दहा वेळा म्हणा. हा जमला नाही तर "वर" आणि "खाली" या दोन शब्दांतला फरक ऐकूच येत नाही. देवनागरीत दोन्ही "दसू" असेच लिहावे लागतात.

म्हणूनच वहीत फ्रेंच शब्द देवनागरीत लिहू नका. मी इथे ते समजावण्यासाठी लिहितेय, अभ्यासाची वही ही वेगळी गोष्ट आहे. "मी बोलतो", "तू बोलतोस", "ते बोलतात" या तिन्ही ठिकाणी क्रियापदाचा उच्चार "पार्ल" असा एकच, पण लिहिताना तिन्ही वेगळे. वर्षभर देवनागरीत टिपणं काढलेल्या एका मुलीला तोंडी परीक्षेत उत्तम गुण मिळाले आणि लेखीत ती जेमतेम पास झाली. तिच्या उत्तरपत्रिकेत शब्दांच्या शेवटची न उच्चारली जाणारी अक्षरं जवळपास सगळी गायब होती.

शब्द जोडून म्हणण्याचा नियम संधीसारखा समजून घ्या, पण तो सगळीकडे लावत सुटू नका. "मित्र" या शब्दाआधी अनेकवचनाचं उपपद (इंग्रजीतल्या "द"सारखा छोटा शब्द) आलं की "लेझामी" असं जोडून म्हणतात. "नायक" या शब्दाआधी मात्र जोडायचं नाही. जोडलंत तर "लेझेरो" होतं, आणि त्याचा अर्थ "शून्यं".

लिंग आणि ती एक चिठ्ठी

मराठीत तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोन. चूक होते ती मराठीचं लिंग तसंच पलीकडे नेल्यामुळे. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे, पण आपला चंद्र तिथे स्त्रीलिंगी, समुद्रही स्त्रीलिंगी. इथे मराठीचा आधार घेऊ नका. शिकण्याची पद्धत मात्र मराठीचीच ठेवा. "खुर्ची स्त्रीलिंगी" असा तक्ता लहानपणी कुणीच पाठ केला नाही, आपण "ती खुर्ची" असंच ऐकलं. शब्द नेहमी उपपदासकट पाठ करा, आणि शक्यतो "तो, ती"च्या उपपदाऐवजी "एक" या अर्थाचं घ्या. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दापुढे "ल" आणि "ला" दोन्ही आखडून सारखेच होतात आणि लिंग लपतं. "यून एकोल" म्हटलं की शाळा स्त्रीलिंगी आहे हे कानालाच कळतं.

शेवटाकडे बघूनही बरंच ओळखता येतं. "-सियोँ" आणि "-ते" हे शेवट बहुतेक स्त्रीलिंगी, "-माँ" आणि "-आझ" बहुतेक पुल्लिंगी. पान, चित्र आणि समुद्रकिनारा यांचे फ्रेंच शब्द "-आझ"ने संपतात तरी स्त्रीलिंगी आहेत, एवढे लक्षात ठेवा.

आता ज्या नियमाला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात तो. "मी चिठ्ठी लिहिली" हे फ्रेंचमध्ये "झे एक्री ला लेत्र". पण "मी लिहिलेली चिठ्ठी" म्हणायचं तर "ला लेत्र क झे एक्रीत". तो शेवटचा "त" कुठून आला? चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे आणि ती क्रियापदाच्या आधी आली, म्हणून. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम चमत्कारिक वाटतो, कारण कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं ही कल्पनाच त्या भाषेत नाही. आपण मात्र रोज "मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं" म्हणतो. लिहिणारा तोच, बदलतं ते क्रियापद, कर्मामुळे. फ्रेंचमध्ये अट एवढीच की कर्म आधी यायला हवं. हे असं समजावलं की फळ्यासमोरच्या चेहऱ्यांवरची आठी उतरते. मला हा तास वर्षभरातला सगळ्यात आवडता वाटतो.

साहित्याच्या पेपरात सारांश लिहू नका

दुसऱ्या वर्षापासून मुलं गाइडमधले सारांश पाठ करून येतात. प्रश्न असतो उताऱ्याच्या विश्लेषणाचा आणि उत्तरात असते कथा. फ्रेंच पद्धतीच्या उत्तरात आधी एक नेमका प्रश्न उभा करावा लागतो, मग त्याची एक बाजू, दुसरी बाजू आणि दोन्हींच्या पलीकडे नेणारा तिसरा भाग. प्रत्येक विधानाला उताऱ्यातली ओळ दाखवायची असते. "लेखकाने सुंदर वर्णन केले आहे" याला गुण नाहीत. कुठला काळ वापरला, वाक्य तुटक का आहे, "मी" कधी नाहीसा होतो, हे लिहा.

कादंबरी उघडली की अनोळखी क्रियारूपं दिसतात, कारण बोलण्यात न वापरला जाणारा एक भूतकाळ फक्त लिखाणात येतो. तो निदान ओळखता येईपर्यंत एकोणिसाव्या शतकातल्या जाड कादंबऱ्यांना हात घालू नका. अल्बेर कामूची 1942 सालची "लेत्राँझे" आधी घ्या. ती मुख्यतः बोलीतल्याच भूतकाळात लिहिलेली आहे, आणि तसं का, हाच तिच्यावरचा पहिला चांगला प्रश्न आहे.

साहित्याचा इतिहास म्हणजे वास्तववादासारख्या वादांची यादी असंही समजू नका. 1857 म्हटलं की आपल्याला उठाव आठवतो. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्लोबेरवर "मादाम बोव्हारी" या कादंबरीसाठी आणि बोदलेरवर त्याच्या कवितासंग्रहासाठी खटला चालला, आणि सरकारी वकील दोन्हीकडे तोच होता. फ्लोबेर सुटला. बोदलेरला दंड झाला आणि त्याच्या सहा कवितांवर बंदी आली. ती उठली 1949 साली. असं एक वर्ष नीट धरलंत की वास्तववाद वगैरे शब्द आपोआप अर्थ घेऊन येतात.

संस्कृती म्हणजे आयफेल टॉवर नव्हे

या पेपरात सगळ्यात महाग पडणारा शब्द आहे "लाइसिते". मुलं त्याचं भाषांतर "धर्मनिरपेक्षता" करतात आणि खाली सर्वधर्मसमभावावर पानभर लिहितात. फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे केले. 2004 च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं घालायला मनाई केली. आपलं राज्य सगळ्या धर्मांशी संबंध ठेवतं, तिथलं राज्य अंतर राखतं. शब्द तसाच ठेवा आणि फरक समजावून सांगा.

स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर लिहिताना तर नागपूरच्या मुलाने फक्त फ्रेंच राज्यक्रांतीपाशी थांबणं मला पटत नाही. दीक्षाभूमी आपल्या शहरात आहे. बाबासाहेबांनी 1954 साली आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की ही तीन तत्त्वं त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. हा धागा पकडून लिहिलेला निबंध इतर कुठल्याही शहरातल्या मुलाच्या निबंधापेक्षा वेगळा होईल.

आणि फ्रेंच साहित्य फक्त फ्रान्सचं नाही. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरच्या एमे सेझेर या कवीची मायभूमीला परतण्यावरची दीर्घ कविता 1939 मध्ये आली. अपमानाचा शब्द उचलून तोच ताठ मानेने स्वतःचा करणारी ती कविता दलित कवितेशेजारी ठेवून वाचा. प्रकल्पाचा विषय शोधत फिरावं लागणार नाही.

परीक्षेच्या आणि अर्जाच्या वेळी

काही शब्द इंग्रजीसारखे दिसतात आणि फसवतात. "पासे" म्हणजे परीक्षेला बसणे, पास होणे नव्हे. एका विद्यार्थ्याने फ्रान्समधल्या विद्यापीठाच्या अर्जात सगळ्या परीक्षा "पासे" केल्याचं अभिमानाने लिहिलं होतं. उत्तीर्ण होण्यासाठी "रेयुसिर" हवं. "लिब्रेरी" म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नव्हे.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना "व्हू" वापरा, म्हणजे आपलं "तुम्ही". पण आपण घरी वडिलांना "तुम्ही" म्हणतो म्हणून संवादलेखनात फ्रेंच मुलाच्या तोंडी वडिलांसाठी "व्हू" घालू नका, तिथे सहसा "तू"च असतं.

अक्षरांवरच्या खुणा गाळू नका. त्या आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारख्या आहेत. "किंवा" आणि "कुठे" हे दोन शब्द एका खुणेनेच वेगळे होतात. मोबाईलवर अक्षर दाबून धरलं की त्या मिळतात.

फ्रान्समध्ये गुण वीसपैकी असतात आणि 10 ला उत्तीर्ण. तिथे गेलेली मुलं 14 बघून घरी रडवेला फोन करतात. 14 म्हणजे "चांगला" शेरा आहे.

पदवीच्या भरवशावर डेल्फ ही फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा टाळू नका. चार कौशल्यांना प्रत्येकी 25 गुण, एकूण 50 लागतात आणि प्रत्येकात किमान 5. ऐकण्यात 4 मिळाले तर बाकी कितीही असोत, नापास. नागपूरच्या मुलांचा घात बहुधा या ऐकण्यातच होतो, कारण शिक्षकांव्यतिरिक्त फ्रेंच आवाज कानावर पडलेलाच नसतो. फ्रान्सच्या आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज ऐका. पहिला महिना काही कळणार नाही, तरी ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना लिखित मजकूर समोर ठेवा. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, टीसीएफ या फ्रेंचच्या दुसऱ्या परीक्षेचं दोनच वर्षं, त्यामुळे अर्ज कधी करणार आहात ते ठरवूनच टीसीएफला पैसे भरा.