कारवानी पाळताय? या चुका टाळा

लातूर-सोलापूरकडून कारवानी कुत्र्याचं पिल्लू शहरात गेलं की महिन्याभरात मला फोन सुरू होतात. खातो पण अंगाला लागत नाही. दिवसभर झोपतो, आजारी आहे का? पाहुण्यांनी हात पुढे केला की सरकून जातो. बहुतेकांनी मनात लॅब्राडोर धरून कारवानी घरात आणलेला असतो. कारवानी हा ग्रेहाउंड आणि सालुकीच्या जातकुळीतला, वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा. त्याच्या वागण्याला त्याच्याच मापाने मोजा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे साधा गळपट्टा. या कुत्र्याची मान डोक्याइतकीच जाड आणि डोकं निमुळतं. दचकून मागे रेटा दिला की पट्टा कानांवरून सहज निसटतो. पुण्यातल्या एका ओळखीच्या घरी नेमकं हेच झालं. चामड्याचा पट्टा, तोही गळ्याला काचू नये म्हणून सैल बांधलेला. दिवाळीच्या संध्याकाळी शेजारी सुतळी बॉम्ब फुटला, कुत्र्याने मान खाली घातली आणि मालकाच्या हातात नुसता पट्टा उरला. त्यावर घरच्यांनी आणखी एक घोळ घातला. हाका मारत सगळे त्याच्यामागे धावले. घाबरलेल्या कारवानीच्या मागे माणूस धावला की तो आणखी लांब जातो, आणि त्याला पळून गाठणं कोणाच्याच बापाला जमायचं नाही.

दुसऱ्या दिवशी एका बांधकामाच्या जागेवर तो डंपरखाली दिसला. सगळ्यांना लांब थांबवलं. त्याचं अंथरूण जमिनीवर टाकलं आणि त्याच्याकडे पाठ करून मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो सरपटत आला आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. चारही पंजे सोलवटले होते.

म्हणून पट्टा मार्टिंगेलच घ्या: रुंद, कापडी, ओढ बसली की आवळणारा आणि ओढ सुटली की सैल होणारा. तो कानांच्या लगेच मागे, मानेच्या वरच्या भागात बसला पाहिजे. दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी मी पट्टा पुढे ओढून डोक्यावरून निसटतो का ते रोज बघतो. दिवाळीत पट्ट्याच्या जोडीला छातीवरचा अंगपट्टाही, त्याला वेगळी दोरी, आणि फिरणं अंधार पडायच्या आत. हे कंटाळवाणं वाटत असेल तर कारवानी घेऊच नका.

दुसरी चूक खाऊ घालण्याची. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं आणि पोट आत गेलेलं असणं हीच याची निरोगी ठेवण. शेजारीपाजारी 'उपाशी ठेवता का' म्हणतात, मग मालक तूप-भात सुरू करतो आणि वर्षभरात कुत्रा जिना चढताना धापा टाकतो. लोकांच्या बोलण्यावरून वाटी भरू नका. मी दर रविवारी बरगड्यांवरून हात फिरवतो. हाडं बोटांना लागली पाहिजेत, पण टोचायला नकोत. पाठीचा कणा आणि सगळ्याच बरगड्या वर आल्या असतील तर जंत तपासा. खाऊन झाल्यावर तासभर पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडू शकतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

दिवसभर झोपणं, चारही पाय वर करून झोपणं, बसायला सांगितलं तर नुसतं उभं राहणं: सगळं ठीक आहे. कडक फरशीवर मात्र कोपरं सोलतात, जाड गोधडी द्या.

झोपेत हात लावू नका. काही जण डोळे उघडे ठेवून झोपतात आणि दचकून चावतात. आधी नाव घ्या.

अनोळखी माणसाला अंगाला हात लावू न देणं हा या जातीचा स्वभावच आहे. 'आठवड्यात माणसाळवतो' म्हणत जबरदस्तीने कुरवाळणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. महिने जाऊ द्या.

मोकळ्या रानात सोडून 'हाक मारली की येतो' म्हणू नका. ससा दिसला की कान बंद होतात. आणि मुद्दाम सशावर सोडणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात स्पष्ट सांगा. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी कमी आणि यकृतही औषध सावकाश निचरतं, त्यामुळे थायोपेंटलसारख्या भुलीचा अंमल फार वेळ राहतो. त्याच अंगकाठीच्या कारवानीसाठी भुलीचं औषध कोणतं आणि किती, हे आधी विचारून घ्या.