दर्या राखायचा तर मे महिन्यात व्हाळात उतरा

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर जाऊन बघा. भरतीने वाळूवर सोडलेल्या रेघेत काटक्या, करवंट्या आणि पालापाचोळा असतो. त्यात गुंतलेल्या दुधाच्या पिशव्या, एकेकटी चप्पल, औषधांच्या बाटल्या आणि थर्माकोलचा भुगा असतो. हे सगळे पर्यटकांनी टाकलेले नसते. शापोरा नदी इथेच दर्याला मिळते आणि तिच्या काठच्या प्रत्येक गावाचा कचरा वाड्यावरून व्हाळात म्हणजे ओढ्यात, व्हाळातून नदीत असा इथवर येतो. कासवे अंडी घालायला येतात तीही याच वाळूत.

मी बरीच वर्षे किनारा सफाईला जायचो. पोती भरायची, फोटो काढायचे, घरी यायचे. एका मे महिन्यात आम्ही आठ-दहा जण किनारा सोडून गावातल्या व्हाळात उतरलो आणि दोन तासांत अकरा पोती भरली. किनाऱ्यावर मिळते ते प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेले असते, हातात घेताच त्याचे चार तुकडे होतात आणि तीन वाळूत राहतात. व्हाळात तीच पिशवी अख्खी मिळते. त्या दिवसापासून दर्याचे काम मी महिन्यांप्रमाणे करतो. ते तुम्हालाही करता येईल. किनाऱ्यावर राहत नसाल तरी चालेल, किंबहुना डिचोली, साखळी, फोंड्याकडच्या लोकांनी ते जास्त करायला हवे.

मे: व्हाळ आणि टाकी

व्हाळ कोरडा असतो तेव्हाच तो साफ करायचा. सकाळी सात ते नऊ पुरे होतात, नंतर ऊन सोसत नाही. गमबूट, जाड हातमोजे आणि काठी घ्या. दगडाखाली हात घालण्याआधी काठीने हलवा, कारण विंचू आणि फुरसे तिथेच असतात. पोती दोन प्रकारची ठेवा. चिखल लागलेले प्लास्टिक वेगळे भरा आणि घरी आणून एकदा पाण्यातून काढून वाळवा. मळके, ओले प्लास्टिक पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात गेले तर त्याच्यासोबतचे चांगलेही वाया जाते. काठावरची झुडपे मात्र तोडू नका, माती धरून ठेवायला तीच आहेत.

साफ केल्यावर व्हाळाला अडवण बांधायची. हे नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर उपकाराचा अपकार होतो. पहिल्या वर्षी आम्ही जुने मासेमारीचे जाळे काठापासून काठापर्यंत, तळापर्यंत सोडून बांधले. पहिल्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर आले आणि त्यात अडकून मेले. सकाळी जाळ्यात अडकलेली ती मासळी बघून मान वर करवत नव्हती.

आता करतो ते असे. बारीक विणीची हिरवी शेडनेट घ्यायची, मासेमारीचे जाळे नाही. तिच्या वरच्या कडेला दीड-दीड वितीवर झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या बांधायच्या, म्हणजे ती पाण्यावर तरंगते. खाली फक्त एक हात जाळी सोंडेसारखी लोंबती ठेवायची आणि तिच्या खालून मासा, झिंगा, पाणी सगळे मोकळे जाऊ द्यायचे. कचरा बहुतेक वर तरंगतच येतो. जाळी सरळ आडवी न बांधता तिरकी बांधा, म्हणजे कचरा आपोआप एका काठाला जमतो आणि पाण्यात न उतरता दाताळ्याने ओढता येतो. एका टोकाची गाठ अशी मारा की पूर आला तर एका ओढीत सुटेल. मोठ्या पावसानंतर दर सकाळी कचरा काढायला माणूस ठरलेला हवा. वाड्यावरच्या सात घरांना सात वार वाटून दिले की कोणावर भार पडत नाही. बांधण्याआधी पंचायतीला आणि काठच्या शेतकऱ्याला सांगा. पाणी तुंबले तर नुकसान त्याचे होईल.

याच महिन्यात सेप्टिक टाकी बघून घ्या. भरलेली टाकी पावसात वाहते आणि ते पाणीही व्हाळातूनच नदीत जाते. उपसायला टँकर बोलावला तर तो कुठे रिकामा करणार हे विचारा. उत्तर देताना आढेवेढे घेणाऱ्याला काम देऊ नका.

जून, जुलै: पुरुमेंतावर भागवा

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासळीच्या विणीचा हा काळ. आपल्या आजीला हे कायद्याने शिकवावे लागले नव्हते. म्हापशाच्या बाजारात मे महिन्यात पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची, त्यात खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), गालमो (बारीक सुकी कोळंबी) असायचेच. तेच पुन्हा करायचे. बंदीच्या दिवसांत कोणी ताजी इसवण (सुरमई) दारात घेऊन आला तर ती कुठून आली हे विचारा आणि पटले नाही तर घेऊ नका.

बाकीचे दहा महिने बाजारात चार गोष्टी बघा. अर्ध्या-पाऊण हाताची इसवण म्हणजे अजून एकदाही अंडी न घातलेले पिल्लू, ती नको. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ धरलेली कुर्ली (खेकडी) नको. मोरीची म्हणजे शार्कची पिल्ले नकोत. मोरी उशिरा वयात येते आणि तिला पिल्ले थोडीच होतात, त्यामुळे तिचे नुकसान भरून यायला फार काळ लागतो. चौथी गोष्ट, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्याची मासळी मिळत असेल तर ती आधी घ्या. एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यावर आणि दोन ट्रॉलरांनी मिळून एकच जाळे ओढण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्याबद्दलच्या तक्रारी रापणकार आणि छोटे होडीवाले आजही करतात. आपल्या पैशाने त्यांची बाजू घेता येते.

चवथ

गोव्यात पीओपीच्या मूर्तीला बंदी आहे, तरी ओळखीच्या चित्रशाळेत जाऊन चिकणमातीची मूर्ती आधी सांगून ठेवणे बरे. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना नायलॉनची दोरी वापरू नका, केवणीचे दोर वापरा. ते फळांबरोबर पाण्यात गेले तरी कुजून जातात. विसर्जनाला निघण्यापूर्वी घरीच प्लास्टिकच्या माळा, जरी, टाचण्या काढून ठेवा. घाटावर गडबडीत ते राहून जाते. निर्माल्य माडाच्या आळ्यात घाला.

पावसाळ्यात किनाऱ्यावर गेलात तर

मे ते सप्टेंबर वारा दर्याकडून जमिनीकडे वाहतो आणि जहाजांनी सोडलेल्या तेलाचे काळे गोळे वाळूवर येतात. पायाला डांबर लागले तर रॉकेलने घासू नका, खोबरेल तेल चोळून फडक्याने पुसा. हे गोळे वाळूत पुरू नका, सुक्या कचऱ्यातही घालू नका. वेगळ्या पिशवीत भरून पंचायतीला कळवा.

जाळ्यात अडकलेले कासव दिसले तर

आमच्याकडे हे सगळ्यात जास्त विचारले जाते आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. दर्यात सुटलेले, तुटलेले जाळे वर्षानुवर्षे मासळी धरत राहते. कासव श्वास घ्यायला वर येते, जाळे पायाला गुंडाळलेले असेल तर येता येत नाही. किनाऱ्याला लागलेले कासव दमलेले, कधी फुप्फुसात पाणी गेलेले असते.

लोकांचा पहिला विचार असतो त्याला पाण्यात ढकलायचा. तेच करू नका. दमलेले कासव बुडते. आधी माणसे आणि कुत्री लांब करा. जवळच्या जीवरक्षकाला हाक मारा, नाहीतर ११२ वर फोन करून वनखात्याला कळवायला सांगा. मदत येईपर्यंत त्याच्यावर सावली धरा, पाठीवर ओले फडके घाला. नाक आणि डोळे मात्र उघडे ठेवा. तोंडावर पाणी ओतू नका. पायाला धरून उचलू नका.

जाळे कधीही ओढू नका. मागच्या वर्षी एका कासवाच्या पुढच्या पायात निळा नायलॉन इतका रुतला होता की वरून फक्त एक बारीक रेघ दिसत होती. ओढला असता तर पायच गेला असता. आम्ही कासवापासून लांबचे, ओझ्याचे जाळे तेवढे बोथट टोकाच्या कात्रीने कापून मोकळे केले आणि मांसात रुतलेला धागा डॉक्टरांसाठी तसाच ठेवला. तोंडातून गळाची दोरी बाहेर आलेली असेल तर तीही तशीच ठेवा. कापलेले सगळे जाळे गोळा करून घरी आणा, नाहीतर पुढच्या भरतीला ते परत दर्यात जाईल.

नोव्हेंबर ते एप्रिल: काळोख राखा

ऑलिव्ह रिडले कासवीण या महिन्यांत रात्री मोरजी, आश्वे, मांद्रे आणि दक्षिणेला आगोंद, गालजीबाग इथे येते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि जिकडे आकाश उजळ दिसते तिकडे धावतात. पूर्वी उजेड दर्याकडेच असायचा. आता शॅकचा दिवा त्याहून उजळ असतो.

म्हणून किनाऱ्यालगत घर, हॉटेल किंवा शॅक असेल तर दर्याकडे तोंड असलेले दिवे बंद करा किंवा उजेड फक्त खाली पडेल असे झाकण त्यांना लावा. आरामखुर्च्या रात्री उचलून मागे घ्या, कासविणीला वाट हवी. रात्री घरटे करणारी कासवीण दिसली तर टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवून तिच्या मागे, लांब थांबा. अंड्यांना हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हाच आहे. सकाळी ट्रॅक्टरच्या चाकासारखी दुहेरी खूण वाळूत दिसली तर तिच्यावरून कोणाला गाडी नेऊ देऊ नका आणि वनरक्षकाला बोलवा. पिल्ले दिसली तर त्यांना उचलून पाण्यात सोडायची घाई करू नका, त्यांना स्वतः चालत जाऊ द्या.

पिल्लू नर की मादी हे वाळू किती तापली यावर ठरते. गार वाळूत नर, तापलेल्या वाळूत माद्या. दर्या आणि वाळू दोन्ही तापत चालली आहेत. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंनी अडवून धरलेल्या जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. त्याच उष्णतेवर अरबी समुद्रातली वादळे बळ धरतात, मे २०२१ मधले तौक्ते आपण घराच्या दारातून बघितले. वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यावरची मर्यादवेल लाटांचा मार झेलतात. मर्यादवेल उपटून हॉटेलासमोर 'स्वच्छ' किनारा करणाऱ्याला विरोध करा. खाडीच्या काठची कांदळवने चिखलात कार्बन साठवतात आणि खाजनांचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींचे) बांध धरून ठेवतात. गावातली मानस (खाजनाच्या बांधातले पाणी अडवायचे-सोडायचे दार) फुटली असेल, खाजनात बांधकामाची माती टाकली जात असेल, तर ते नुसते शेतीचे दुखणे समजू नका. घरात सौर बंब लावा, विजेचा वापर आवरा, ते हवेच. पण बांध आणि मानस ही कामे गावानेच करायची असतात.

ग्रामसभा

यातले निम्मे काम एकट्याने होत नाही, त्यासाठी ग्रामसभेत बोलावे लागते. तोंडी बोलू नका, अर्ज लिहून न्या. त्यात जागा, तारीख आणि दोन छापील फोटो जोडा. किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद यांची कासवांचे किनारे म्हणून नावे आहेत आणि गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे, हे अर्जात लिहा. मागणी एकच ठेवा: अमुक व्हाळाला अडवण, किंवा अमुक रस्त्यावरचे दर्याकडचे दिवे झाकणे. दोन-तीन मागण्या घातल्या की सगळ्यांवर चर्चा होते आणि ठराव एकावरही होत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पंचायतीचा शिक्का आणि तारीख घ्या. तीन महिन्यांनी पुढच्या ग्रामसभेला ती प्रत हातात घेऊन पुन्हा उभे राहा.